नोंदवहीतले नाव



वाचनालय काढा, मुलांना पुस्तकांची गोडी लावा, असे आपण नेहमीच म्हणतो. विहार तेथे वाचनालय असावे, असा आपला आग्रह असतो आणि तो योग्यच आहे. आज मात्र वाचनालय निघाल्यानंतरच्या एका गोष्टीविषयी लिहावयाचे आहे. गोष्ट दिसायला लहान आहे, पण तिच्यामुळे एका भगिनीचे वाचन बंद पडले. म्हणून लिहिणे भाग आहे.

आमच्या धायरीत एक छोटेसे वाचनालय आहे. दोन कपाटे, एक टेबल, चार खुर्च्या आणि संध्याकाळी दोन तास बसणारे कार्यकर्ते. टेबलावर देवघेवीची नोंदवही उघडी असते आणि तिच्याजवळ सुतळीने बांधलेले पेन. जो पुस्तक नेईल त्याने आपल्या हाताने तारीख, नाव, पुस्तकाचे नाव लिहावे व सही करावी, अशी पद्धत. वर्षानुवर्षे अशीच चालत आलेली. त्यात कोणालाही वावगे वाटले नव्हते.

एके दिवशी वस्तीतील एका सुनेने विवाहाचे कायदे सोप्या भाषेत सांगणारे एक पुस्तक नेले. नाव लिहिले, सही केली आणि ती घरी गेली. तिच्यानंतर शेजारच्या मावशी मासिक न्यायला आल्या. आपले नाव लिहिताना वरची ओळ त्यांच्या नजरेस पडली. मावशींच्या मनात काही वाईट नव्हते. जिन्यात भेटलेल्या बाईला त्या सहज बोलल्या, तिने दुसरीला सांगितले, आणि रात्रीच्या जेवणाच्या वेळेपर्यंत गोष्ट सासूच्या कानी गेली. "सूनबाई कोर्टाची पुस्तके वाचायला लागल्या म्हणे!" वास्तविक ते पुस्तक तिला स्वतःसाठी नको होते. तिच्या धाकट्या बहिणीला सासरी त्रास होता आणि तिला काय सल्ला द्यावा, हे तिला समजून घ्यावयाचे होते. पण ते ऐकून कोण घेणार? दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन दीर आला. टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "वहिनींचे नाव काढून टाका."

त्यानंतर ती आली नाही. बहिणीला सल्ला मिळाला की नाही, तेही आम्हाला कळले नाही.

आम्ही सारे हळहळलो. मावशींना दोष द्यावा, तर त्यांनी फक्त समोरची ओळ वाचली होती. सासूला दोष द्यावा, तर तिच्या घरापर्यंत बातमी पोहोचली कशी? विचार करता करता लक्षात आले की, दोष त्या उघड्या वहीचा होता, म्हणजे ती उघडी ठेवणाऱ्या आमचाच होता.

लपविण्यासारखे त्यात काय आहे?

ही हकीकत एका बैठकीत सांगितली, तेव्हा एक ज्येष्ठ बंधू म्हणाले, "चांगली पुस्तके चोरून कशाला वाचायची? आपण सगळे एका कुटुंबासारखे आहोत." त्यांचा हेतू चांगला होता. पण आपल्या घराघरांत डोकावून पाहा. साठी उलटलेले एक काका आता अक्षरे शिकत आहेत आणि त्यांना पहिलीचे पुस्तक हवे आहे. ते पुस्तक नातवाच्या मित्रांसमोर मागायची त्यांना लाज वाटते. एक मुलगा वडिलांची दारू कशी सुटेल याचे पुस्तक शोधतो आहे, पण वडिलांची अब्रू जाऊ नये असेही त्याला वाटते. कोणाला क्षयाची माहिती हवी आहे, कोणाला मनाच्या आजाराची. एखाद्या मुलीला वयात येतानाच्या प्रश्नांची उत्तरे हवी आहेत आणि ती आईला विचारायला धजत नाही. यांपैकी कोणी चोरी करीत आहे का? ही सारी माणसे आपली अडचण पुस्तकाच्या मदतीने सोडवू पाहत आहेत. पण उद्या आपले नाव वस्तीभर होईल अशी भीती वाटली, तर ती वाचनालयाची पायरीच चढणार नाहीत. वाचनालयाची ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे, तीच माणसे सर्वांत आधी दूर जातील.

शिवाय धायरी आता पूर्वीची राहिलेली नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये पुणे महापालिकेत जी ११ गावे आली, त्यांत धायरी होती. सिंहगड रस्त्याच्या दोन्ही बाजूंना इमारती उभ्या राहिल्या. भाड्याने राहणारी कुटुंबे आली, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुले-मुली आली. वाचनालयात येणारा प्रत्येक जण ओळखीचा उरला नाही. पूर्वी बातमी जिन्यातून जात असे, आता ती व्हॉट्सअॅपच्या गटावरून जाते. पुस्तक परत न केलेल्यांची यादी पुस्तकांच्या नावांसह गटावर टाकणारी वाचनालये मी पाहिली आहेत. एका बटणासरशी दोनशे घरांत कळते की, अमक्याने अमके पुस्तक नेले आहे. जुन्या काळी हेच काम उघड्या पोस्टकार्डाने होत असे, पण ते कार्ड निदान एका पोस्टमनच्या आणि एका घराच्या नजरेला पडे.

पुस्तकावरून माणूस ओळखता येतो का?

पुस्तकाच्या नावावरून माणसाची परीक्षा करण्याची सवय फार घातक आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एल्गार परिषद प्रकरणातील एका जामीन अर्जाची सुनावणी चालू होती. आरोपीच्या घरातून जप्त केलेल्या पुस्तकांच्या यादीत 'वॉर अँड पीस' हे शब्द आले. टॉलस्टॉयची जगप्रसिद्ध कादंबरी घरात ठेवणे हाही गुन्हा का, असा देशभर गदारोळ उठला. दुसऱ्या दिवशी खुलासा झाला की ते पुस्तक वेगळेच, जंगलमहाल भागासंबंधीचे होते आणि न्यायमूर्तींना टॉलस्टॉयची थोरवी ठाऊक होती. पुढे २८ जुलै २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच प्रकरणात दोन आरोपींना जामीन देताना सांगितले की, केवळ एखादे साहित्य जवळ बाळगणे हा त्या कायद्यातील दहशतवादविषयक कलमांखालचा गुन्हा ठरत नाही. खटल्याविषयी कोणाचे काहीही मत असो. नुसत्या नावावरून किती घोटाळा होऊ शकतो, हे त्यातून दिसते.

पुण्याला दुसरे उदाहरणही आठवत असेल. ५ जानेवारी २००४ रोजी जमावाने भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेची मोडतोड केली. ज्या पुस्तकावरून राग होता, ते जेम्स लेन या अमेरिकन अभ्यासकाने लिहिले होते. संस्थेने ते लिहिले नव्हते की छापले नव्हते. लेखकाने तेथील मदतीबद्दल आभार मानले होते, एवढाच संबंध. त्या पुस्तकाबद्दलचा संताप ज्यांना योग्य वाटतो, त्यांनीही क्षणभर विचार करावा. आभाराच्या चार ओळींवरून ग्रंथालयावर जमाव चालून येत असेल, तर कोणत्या वाचकाने कोणते पुस्तक नेले याची वही कोणाच्याही हाती पडू देणे कितपत शहाणपणाचे आहे?

बाबासाहेब आणि कागदपत्रांचे संरक्षण

ग्रंथालयाचे महत्त्व बाबासाहेबांइतके कोणी ओळखले? पुस्तकांसाठी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह उभे करणारा तो महापुरुष. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्देशांतच वाचनालये व अभ्यासवर्ग काढणे होते. हे आपल्याला ठाऊक असते. पण दुसरी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

१९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने बाबासाहेबांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. त्यात मूलभूत हक्कांमध्ये एक कलम असे होते की, माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती वा जप्ती होऊ नये. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत काझी सय्यद करीमुद्दीन यांनी त्याच आशयाची दुरुस्ती मांडली. ती स्वीकारण्याची तयारी बाबासाहेबांनी दाखविली, पण सभागृहाने ती फेटाळली. म्हणून हा हक्क आपल्या घटनेत स्वतंत्र शब्दांत आला नाही.

जे तेव्हा राहून गेले, ते बऱ्याच अंशी २४ ऑगस्ट २०१७ रोजी भरून निघाले. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे आणि कलम २१ मधील जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्कातच तो सामावलेला आहे. घटना समितीतील वर सांगितलेल्या चर्चेचाही ऊहापोह त्या निकालात आहे. आपल्या मनात काय चालले आहे ते जगाला सांगावे की न सांगावे, हे ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे. पुस्तक वाचणे म्हणजे मनातच काहीतरी चालणे नव्हे काय?

परदेशात काय झाले?

अमेरिकेतील ग्रंथपालांच्या संघटनेने १९३९ सालीच आपल्या आचारसंहितेत लिहून ठेवले की, वाचकाची खासगी माहिती ग्रंथपालाने गुप्त ठेवावी. त्याची खरी कसोटी १९७० मध्ये लागली. स्फोटकांविषयीची पुस्तके कोणी नेली हे पाहण्यासाठी सरकारच्या अर्थखात्याचे अधिकारी मिलवॉकी आणि इतर शहरांतील ग्रंथालयांत जाऊ लागले. संघटनेने १९७१ मध्ये धोरण जाहीर केले की, कायदेशीर आदेशावाचून वाचकांच्या नोंदी कोणालाही दाखवू नयेत. आज तेथील जवळजवळ सर्व राज्यांत तसे कायदे आहेत. २००५ साली कनेक्टिकट राज्यात तपास यंत्रणेने ग्रंथालयाच्या संगणकाविषयी माहिती मागितली आणि त्याबद्दल कोणाशी बोलायचे नाही असेही बजावले. तेव्हा चार ग्रंथपाल न्यायालयात गेले आणि शेवटी २००६ मध्ये सरकारने माघार घेतली. ग्रंथपालाची नोकरी साधी दिसते, पण वाचकासाठी ताठ उभे राहण्याची पाळी तिच्यातही येते.

आपल्याकडे महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ साली झाला. त्याखाली अ, ब, क, ड वर्गांची ग्रंथालये अनुदान घेतात. त्या कायद्याचा भर ग्रंथालये निघावीत व चालावीत यावर आहे. २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि मुख्य तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. माहिती कशासाठी घेता ते सांगा, काम संपले की ती पुसून टाका, अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची संमती घ्या, असे त्याचे सूत्र आहे. मात्र तो संगणकातील माहितीला लागू होतो. नुसत्या कागदी वहीला तो लागत नाही. म्हणजे विहारातल्या वहीचे रक्षण आपणच केले पाहिजे.

वहीत सुधारणा कशी करावी?

यासाठी पैसा लागत नाही. जुन्या ग्रंथपालांनी याचा मार्ग कधीच काढून ठेवला आहे. १८९५ च्या सुमारास नीना ब्राऊन नावाच्या अमेरिकन बाईंनी एक पद्धत बसवली. ती आपल्याकडील अनेक ग्रंथालयांनी वापरली आहे. पुस्तकाच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलेल्या खिशात त्या पुस्तकाचे कार्ड असते. सभासदाला खिशासारखी छोटी तिकिटे दिलेली असतात. पुस्तक नेताना त्याचे कार्ड सभासदाच्या तिकिटात घालून तारखेप्रमाणे ट्रेमध्ये लावतात. पुस्तक परत आले की कार्ड पुस्तकात जाते आणि तिकीट सभासदाच्या हातात. पुस्तक बाहेर आहे तोपर्यंत ते कोणाकडे आहे हे कळते, आणि परत आल्यावर कोणी नेले होते याचा मागमूस उरत नाही. रोज संध्याकाळी ट्रेमधील कार्डे मोजली की देवघेवीचा आकडाही मिळतो. याउलट नेवार्क पद्धतीत पुस्तकाच्या कार्डावर सभासदाचा क्रमांक लिहितात आणि तो तेथे कायम राहतो. सोय दोन्हींत सारखीच, पण पहिलीत वाचकाची अब्रू राखली जाते.

ज्यांना तिकिटांची खटपट नको, त्यांनी निदान एवढे करावे. प्रत्येक सभासदाला क्रमांक द्यावा. प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक असतोच. देवघेवीच्या वहीत फक्त तारीख, सभासद क्रमांक आणि दाखल क्रमांक लिहावा. कोणता क्रमांक कोणाचा, ती यादी कुलपात ठेवावी. मग मावशींनी वरची ओळ वाचली, तरी त्यांना आकडेच दिसतील. संगणक असेल तर 'कोहा' ही मोफत प्रणाली अनेक ठिकाणी वापरतात. आपल्या जुन्या देवघेवीची नोंद ठेवावी की पुसावी, हे वाचकाला ठरविता येईल अशी सोय तिच्यात आहे. ती चालू मात्र करावी लागते.

आमच्या वाचनालयाच्या वार्षिक सभेत आम्ही पुढील ठराव केला. कोणाला उपयोगी वाटल्यास जरूर घ्यावा.

१) सभासद अर्जात नाव, पत्ता, फोन एवढेच विचारू. जात, धर्म, वैवाहिक स्थिती विचारणार नाही. ओळखपत्र पाहून परत देऊ, त्याची झेरॉक्स ठेवणार नाही.

२) देवघेवीची वही कार्यकर्त्याकडेच राहील. नोंद तोच करील आणि काम झाले की वही बंद.

३) कोणी काय नेले हे पती, सासू-सासरे, शिक्षक, पुढारी किंवा समितीचा सदस्य यांपैकी कोणालाही सांगितले जाणार नाही.

४) मुदत संपलेल्या पुस्तकाची आठवण फक्त त्या सभासदालाच देऊ. फोन दुसऱ्याने उचलला तर "वाचनालयातून फोन होता" एवढेच सांगू. गटावर आणि फलकावर नावे लावणार नाही.

५) तपासणी व हिशेबासाठी लागणारी रजिस्टरे नियमाप्रमाणे ठेवू. ती किती वर्षे ठेवावयाची, हे जिल्हा ग्रंथालय कार्यालयाला विचारून मुदत संपताच नष्ट करू.

६) पोलिसांनी माहिती मागितल्यास लेखी आदेश मागू व तो अध्यक्षांकडे देऊ. तोंडी विचारणेवर वही हाती देणार नाही.

७) अभ्यासिकेत कॅमेरा असेल तर तशी पाटी लावू. वाचकाच्या हातातील पुस्तकावर किंवा वहीवर तो रोखला जाणार नाही.

८) हे नियम मराठीत लिहून दाराशी लावू. नवा कार्यकर्ता आला की प्रथम त्याला ते वाचायला देऊ.

सहाव्या नियमावर बरीच चर्चा झाली. "पोलिसांना नाही म्हणायचे म्हणजे कायदा मोडणे नाही का?" असे काहींनी विचारले. नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ नुसार, कागदपत्र हवे असेल तर न्यायालय समन्स काढते किंवा ठाण्याचा अधिकारी लेखी आदेश देतो. आदेश आला तर तो पाळावयाचाच. पण आदेशाप्रमाणे जेवढे हवे तेवढेच द्यावयाचे. सबंध वही उचलून द्यावयाची नाही.

तिसऱ्या नियमावर एक वडील रागावले. "माझा मुलगा काय वाचतो हे मला कळू नये?" त्यांना सांगितले, "दादा, लहान मुलाची जबाबदारी तुमची आहेच. त्याच्या शेजारी बसा, तो काय वाचतो ते त्यालाच विचारा. पण मुलगा आमच्याकडे येतो तो विश्वासाने. आम्ही तुमचे खबरे झालो तर तो येणेच बंद करील, आणि मग तो काय पाहतो हे तुम्हालाही कळणार नाही आणि आम्हालाही." ते गप्प बसले. पटले की नाही, सांगता येत नाही. पण त्यांचा मुलगा अजून येतो.

ग्रंथपालाने वाचकाला ओळखूच नये, असा याचा अर्थ नाही. चांगला ग्रंथपाल वाचकाची आवड ओळखतो आणि त्याच्यासाठी पुस्तक काढून ठेवतो. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये सांगितलेल्या पाच सूत्रांत, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, हे एक सूत्र आहे. वाचकाला ओळखल्यावाचून ते साधणार नाही. ओळखावे जरूर, पण त्याची वाच्यता करू नये. वैद्याला रोग्याचे सारे ठाऊक असते, म्हणून तो ते चावडीवर सांगत नाही.

घरातही हा नियम पाळता येईल. मुलीच्या उशाखालचे पुस्तक पाहुण्यांसमोर काढून हसू नका. सुनेने काय आणले, याची चौकशी शेजारणीकडे करू नका. विचारायचेच असेल तर तिलाच विचारा, आणि तिने सांगितले नाही तर थोडा धीर धरा. आपल्या आजी-आजोबांना शाळेच्या दाराबाहेर बसावे लागले. त्यांच्या नाती-सुनांना आपणच लोकलाजेच्या भीतीने पुस्तकाबाहेर बसवावे काय?

मागील महिन्यात त्या भगिनीचा निरोप एका मुलीबरोबर आला. "वही अजून टेबलावर असते का?" आम्ही सांगितले की वही आता कपाटात असते आणि तिच्यात नावे नसतात. ती अजून आलेली नाही. तिचा सभासद क्रमांक मात्र आम्ही राखून ठेवला आहे.

आपल्या वस्तीतील वाचनालयात आज संध्याकाळी जाल तेव्हा एकदा टेबलाकडे पाहा. वही उघडी दिसली तर कार्यवाहांना हा लेख दाखवा, आणि वही बंद करण्याची विनंती करा.

जयभीम!